ह्यांनी लावलेले दिवे

नाशिक, १९ मे

ती. ज्योत्स्नाताईस,

धाकट्या प्रतिभाचा वाकून नमस्कार. तुझी सांधेदुखी कशी आहे? दाजींचा खोकला थांबला का? आम्ही खुशाल आहोत. म्हणजे आज आहोत, मंगळवारी नव्हतो. फोनवरच सांगितलं असतं, पण हे शेजारी बसलेले असतात आणि तू अर्ध्यातच "बरं, ठेवते" म्हणतेस. म्हणून पत्र.

तुला माहीतच आहे, बत्तीस वर्षं पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये द्राक्षांचं तापमान सांभाळून हे दिवाळीत रिटायर झाले आणि घरी येऊन गप्प बसले. भांडले असते तरी चाललं असतं. दिवसभर खिडकीतून द्वारका चौकातला ट्रॅफिक बघायचे. चहा घेणार का विचारलं तर "ठेव." डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि मन रमवा म्हणाले (लिहून दिलं असतं तर मेडिकलमधून आणलं असतं). मला आतून भीती वाटायला लागली होती, ताई, तुला तेव्हा बोलले नाही. मग जानेवारीत एकदा जेवताना म्हणाले, "अंधारात उजेड पाडणारे मासे असतात, समुद्रात. घरी पाळता येतात." तीन महिन्यांत एवढं लांब बोलणं मी ऐकलं नव्हतं. त्या आनंदात मी पाळा म्हणून बसले.

धाकट्या बेडरूममध्ये काचेची मोठी टाकी आली. खारं पाणी हवं म्हणून मी दोन किलो मीठ आणलं, तर ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी निर्यातीची द्राक्षं उन्हात ठेवली. ते मीठ वेगळं असतं, मुंबईहून येतं. शिवाय पाणी दीड महिना नुसतं फिरू द्यायचं, तोवर मासे आणायचे नाहीत. त्यामुळे फेब्रुवारी-मार्च आमच्याकडे दगड आणि पाणी एवढंच होतं, आणि तेही आल्या-गेल्याला दाखवलं जायचं. समोरच्या कुसाबाई दहा मिनिटं टाकीपुढे उभ्या राहिल्या आणि हळूच मला म्हणाल्या, "फारच बारीक हायेत का वो मासे?"

एप्रिलमध्ये थर्माकोलच्या खोक्यातून तीन मासे आले. काळे, बोटभर, प्रत्येक डोळ्याखाली घेवड्याच्या दाण्याएवढा दिवा. त्यांना उजेड सोसत नाही, म्हणून खिडक्यांवर घोंगड्या लागल्या, बल्ब काढला. आता अंधारात मासे दिसत नाहीत, दिसले तर दिवे, आणि तेही त्यांची मर्जी असेल तर. मर्जी नव्हती. तिघं दगडामागे गेले ते गेलेच. हे स्टुलावर बसून राहायचे, पण (आणि इथेच मी सगळं माफ केलं) बोलत राहायचे. पाणी चोवीस अंशांवर ठेवणाऱ्या मशीनबद्दल, समुद्राच्या तळाबद्दल, अगदी माझ्या माहेरच्या विहिरीबद्दलसुद्धा. अंधारातून आवाज यायचा आणि मी स्वयंपाकघरातून हुंकार द्यायचे.

मंगळवारी हे पिंपळगावला जुन्या सोबत्याच्या मुलाच्या लग्नाला गेले. कित्येक महिन्यांनी घराबाहेर. साडेबाराला लाईट गेली. कोपऱ्यावर खोदताना केबल तुटली म्हणे. इन्व्हर्टरवर ते मशीन चालत नाही, सेलवरचा हवेचा पंप तेवढा बुडबुडे सोडत होता. बाहेर चाळीस अंश. पाणी सव्वीस झालं, मग सत्तावीस. टाकीवर ह्यांच्या अक्षरात चिठ्ठी आहे: "अठ्ठावीसच्या पुढे जाऊ देऊ नये." सात फोन केले, लग्नाच्या बँडमध्ये कुठले ऐकू येणार. खरं सांगते, मला माशांची काळजी नव्हती. मला ती खिडकी दिसत होती आणि तिच्यात पुन्हा हे बसलेले.

वरच्या जहिदाभाभींकडे धावले. त्यांनी फ्रीजरमधून बर्फ झालेल्या चार बाटल्या काढल्या आणि मागोमाग खाली आल्या. "झाकणं घट्ट कर हां, गोडं पाणी मिसळायला नको," म्हणाल्या. कुसाबाईंनी गुडघ्याची बर्फाची पिशवी आणली. मग भर दुपारी तिघी त्या काळोखात: एक बाटल्या पाण्यात धरतेय, एक पुठ्ठ्याने वारा घालतेय, मी दर पाच मिनिटांनी पदराआड मोबाईल धरून टाकीवरचा तापमानाचा काटा बघतेय. तासाभराने कुसाबाई म्हणाल्या, "आत काही हाय ना नक्की? का आपण नुसतं पाणीच गार करून राह्यलो?"

 तेवढ्यात दगडामागून एक निळसर हिरवा ठिपका आला. विझला. पुन्हा लागला, आता दोन. थोड्या वेळाने आणखी दोन. मग बराच वेळ काहीच नाही. भाभींनी माझा दंड धरून ठेवला होता. "पाच," त्या अगदी हळू म्हणाल्या, आणि मग, "सहा." मी रडले, पण अंधार होता म्हणून बरं. पाणी पंचवीसवर आलं होतं.

साडेचारला लाईट आली. हे सहाला आले, काटा पाहिला, चोवीस. "लाईट गेली होती का?" मी म्हटलं, थोडा वेळ. मग जेवताना तासभर लग्नातलं सांगत होते, जिलेबी कशी होती इथपर्यंत. मी मध्ये एकदाही उठले नाही.

दाजींना नमस्कार.

तुझी,
प्रतिभा

ता. क. तू आणि दाजी आठ-दहा दिवस निवांत राहायला या. ती खोली भलतीच गार असते.

ता. क. २ चार जूनच्या आत या. आमच्या निकिताचं बाळंतपण आहे, पाच तारखेपासून आम्ही दोघं पुण्याला. म्हणजे आम्ही घरी नसू. टाकीशेजारी सूचनांची वही आहे, अकरा पानं.

ता. क. ३ मंगळवारचं ह्यांच्यापुढे काढू नकोस. बुधवारी ह्यांनी मला हाताला धरून त्या खोलीत नेलं आणि दिवे दाखवले, तेव्हा मी जन्मात पहिल्यांदा बघितल्यासारखं "अगंबाई" म्हटलं. तुलाही ते दाखवतील. नीट म्हण. आणि फ्रीजरमध्ये "मटार" लिहिलेल्या डब्यात मटार नाहीत, माशांचं खाणं आहे, नाहीतर दाजींना उसळ करून घालशील.