मागून मारलेली हाक

कोल्हापूर,
८ जून २०२५

चि. राजनंदिनीस,
आप्पाचे पोटभर आशीर्वाद.

गरुडमल्लाची चित्रपुस्तकं वाचत वाढलेल्या आपणा सगळ्यांच्या घरात या आठवड्यात सुतक आहे. आपल्या लहानपणचा माणूस आपल्याला न विचारता पळवून नेला आणि त्याच्या जागी भलताच कुणी उभा करून वर तिकीट लावलं. फोनवर मी तुझं ऐकून घेत नाही अशी तुझी तक्रार असते, म्हणून पत्र लिहितोय.

तू गरुडमल्लाचा नवा चित्रपट पाहिला नसशील असं धरून सांगतो. जुन्या चित्रपुस्तकात नदीला पूर येतो, बाप लोकांना काढायला नावेतून निघतो आणि पोरगं काठावर ओठ दाबून उभं राहतं. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, हे त्याला ठाऊक असतं. बाप परत येत नाही. ती गिळलेली हाक पोराच्या छातीत राहते आणि तिचंच बळ होऊन त्याचा गरुडमल्ल होतो. नव्या चित्रपटात ते पोरगं गळा काढून हाक मारतं, बाप वळून बघतो आणि नाव उलटते. म्हणजे आपला नायक आता बापाला बुडवणारा झाला.

तालमीत रोज यावरून भांडणं आहेत. ऋतुराज नावाचा एक नवा पोरगा म्हणतो की जुना गरुडमल्ल दगड होता, हा माणूस आहे. मी त्याला आधी दूध पिऊन ये म्हणालो. पंधरा दिवसांनी, २२ तारखेला, निषेधाची सभा ठेवली आहे. सयाजीदादाची लेक म्हणून तू व्यासपीठावर बसायचंस. पुरातून लोकांना काढताना गेलेल्या माणसाची मुलगी समोर असली की मला फार बोलावं लागणार नाही. जावईबापूंनाही आण, यंत्रमागाच्या खडखडाटातून चार तास सुटतील.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
अमरसिंह आप्पा


इचलकरंजी,
१२ जून २०२५

ती. आप्पांना,
राजनंदिनीचा वाकून नमस्कार.

तुम्हाला फार बोलावं लागणार नाही हे वाचून आम्ही दोघं पोट धरून हसलो. पृथ्वीराज म्हणाले की आप्पा गप्प बसणार असतील तर ते पाहायला कारखाना बंद ठेवून येतो.

इकडे ठीक आहे. शाळा उघडायच्या तयारीत आहे, मला यंदा पाचवीचा वर्ग दिलाय. आई गारगोटीला मामाकडेच आहे. तिचे गुडघे दुखतात पण सांगत नाही.

चित्रपट मी पाहिला, आप्पा. एकटी जाऊन दोनदा पाहिला. मला तो वाईट वाटला नाही. सभेला मात्र येणार नाही. रागावू नका आणि कारण विचारू नका. माझ्याऐवजी आबांचा फोटो ठेवा, तो कुठल्याही सभेत नीट बसतो.

काकूंना सांगा, लोणचं संपलं. आठवण काढत राहा.
तुमची,
राजनंदिनी


कोल्हापूर,
१५ जून २०२५

चि. राजनंदिनीस,
आशीर्वाद.

लोणचं पाठवतो. पण तुझं पत्र मला टोचलं. कारण विचारू नका असं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही आणि कुणी सांगितलं तरी मी ऐकलेलं नाही.

गरुडमल्ल आमच्या घरात पहिल्यांदा आणला तो सयाजीदादानं. आम्ही दोघं माळ्यावर एका पुस्तकात डोकी घालून वाचायचो. तो पान उलटायची घाई करायचा आणि माझं वाचून व्हायचं असायचं. त्या पुस्तकातला बाप जसा गेला तसाच दादा गेला. गुऱ्हाळातली काईल, म्हणजे गूळ आटवायची ती मोठी कढई, पाण्यात ढकलून तो खालच्या गल्लीतली माणसं काढायला निघाला. दर वर्षी त्याच्या दिवशी मी तालमीत सांगतो की त्याची नऊ वर्षांची लेक माळवदावर उभी होती आणि तिनं हूं की चूं केलं नाही. ऐकणारे डोळे पुसतात. त्या लेकीला आज हा चित्रपट वाईट वाटत नाही?

ऐन वेळी मागून हाक मारतं ते कसलं पोरगं. त्याला बापाच्या कामाची किंमत कळलीच नाही. मी सभेत हेच बोलणार आहे आणि तू समोर असावीस हा माझा हट्ट आहे. दादाची पोर आहेस, दादासारखी वाग.

राग लवकर उतरतो माझा, हे तुला ठाऊक आहे.
आप्पा


इचलकरंजी,
१८ जून २०२५

ती. आप्पांना,
नमस्कार.

तुमचं पत्र मी शाळेत उघडलं, ते चुकलं. उरलेला दिवस मुलांना नुसती चित्रं काढायला सांगितली.

आप्पा, मी हाक मारली होती.

तुम्ही तेव्हा शहरात अडकला होता. आई गारगोटीला गेली होती आणि रस्ते बंद झाले होते. माळवदावर मी आणि आक्काआजीच होतो. आबा काईलीत बसले, हातात वेळू होता. कोपऱ्यावरच्या वडापाशी पोहोचेपर्यंत मी ओठ दाबून उभी होते. गरुडमल्लाचं पुस्तक आबांनीच मला वाचून दाखवलं होतं, हाक मारायची नसते हे मला पाठ होतं. मग पाणी इतकं तांबडं आणि मोठं दिसलं की मला राहवलं नाही. आबा, माघारी या, असं मी ओरडले. त्यांनी वळून बघितलं. काईल एका बाजूला गेली. नंतर तिथं नुसतं पाणी होतं.

आक्कानं माझ्या तोंडावर हात ठेवला. तो हात अजून आठवतो, त्याला राखेचा वास होता. ती म्हणाली की हे मरेपर्यंत कुणाला सांगू नकोस, आईला तर नाहीच. आक्का वाईट नव्हती. लोक पोरीच्या नावानं बोलतील म्हणून ती भ्याली. ती गेली तेव्हा मला वाटलं, आता हे माहीत असलेलं मी एकटीच उरले.

दर वर्षी तुमचं भाषण मी पहिल्या रांगेत बसून ऐकते. हूं की चूं केलं नाही, हे तुम्ही म्हणता तेव्हा लोक माझ्याकडे बघतात. मी खाली बघते, तर त्यांना वाटतं मी रडू आवरतेय.

चित्रपटात ते पोरगं हाक मारतं तेव्हा मागच्या रांगेतले दोघं हसले, तुमच्या वयाचेच असतील. मी मात्र पुढं काय होतं ते बघत बसले, कारण हाक मारलेल्या पोराचं पुढं काय होतं हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. ते पोरगं जगतं, आप्पा. वाईट जगतं, पण जगतं.

तुमची सभा तुम्ही घ्या. फक्त ते कसलं पोरगं, एवढं म्हणू नका.

तुमची माया राहिली तर राहू द्या.
राजनंदिनी


कोल्हापूर,
२४ जून २०२५

चि. राजनंदिनी, माझ्या लेकी,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी गावी गेलो. खालच्या गल्लीतल्या धोंडुबाई अजून आहेत, दादा त्यांनाच काढायला निघाला होता. त्या आपल्या कौलांवर बसून बघत होत्या. त्यांना विचारलं की काईल कशानं उलटली. त्या म्हणाल्या की वडापाशी भोवरा हुता, काईल आधीच गरागरा फिरत हुती, पर सयाजीनं वळून बघितलं ते आधी का मागनं ते मला आता न्हाय सांगता यायचं. मी पुन्हा पुन्हा विचारलं. मला हवं ते उत्तर त्यांनी दिलं नाही. खोटं बोलून तुला ते मी देणार नाही.

मग दुपारच्या खेळाला जाऊन बसलो. चित्रपट मला अजूनही आवडलेला नाही. गरुडमल्ल उडतो तेव्हा पतंगासारखा दिसतो आणि गाणी नको तिथं आहेत. पण ते पोरगं ओरडलं तेव्हा मी खुर्चीचा हात धरला. नऊ वर्षांच्या जिवाला बाप पुरात जाताना दिसतो आणि ते हाक मारतं. दुसरं काय करेल? ओठ दाबून उभं राहणारं पोर पुस्तकातच असतं, आणि तसल्या पोराचं कौतुक मी वीस वर्षं तुझ्यासमोर करत आलो.

सभा झाली. मी उठलो आणि एवढंच बोललो की माझ्याकडे या चित्रपटाविरुद्ध बोलायला आता काही नाही. आरडाओरडा झाला. एकानं विचारलं, आप्पा, तुमी बी फिरलासा व्हय. मी व्हय म्हणालो आणि खाली उतरलो. तुझं नाव काढलं नाही. दादाच्या दिवशी यंदा भाषण होणार नाही, नुसता फोटोला हार घालू.

आता जे सांगतो ते मी तुझ्यापासून लपवलं नव्हतं, तुझ्या कामाचं आहे हेच मला कळलं नव्हतं. दर वर्षी त्या दिवशी सगळे पांगले की वहिनी, तुझी आई, मला स्वयंपाकघराच्या दारात गाठतात आणि एकच विचारतात. मी नव्हते, पण त्यांना कुणी थांबवलं नाही का, माघारी या म्हणून कुणी एक शब्दसुद्धा टाकला नाही का. दर वर्षी मी अभिमानानं सांगतो की वाघाला कोण थांबवणार, वहिनी, कुणी नाही हाक मारली. त्या मान हलवतात आणि भांडी घासायला बसतात. आपला माणूस असा कुणाच्या हाकेवाचून गेला, हे त्या माऊलीनं वीस वर्षं ऐकून घेतलं, आणि ते ऐकवणारा मी.

या म्हाताऱ्यावर राग धरलास तरी चालेल, पण तुटू नकोस. आक्काला दिलेला शब्द आता मोड. येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं गारगोटीला जा, आईजवळ बस आणि तिला सांग की तू हाक मारली होतीस.

आप्पा