फक्त ऐकण्यापुरता रेडिओ

रविवार, ११ मे
अकिहाबाराच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन रेडिओ घेतला. सेकंडहँड, पण खराखुरा हॅम रेडिओ, हौशी लोक दूरदूरच्यांशी बोलतात तो. दुकानदाराने लायसन्स विचारलं. म्हटलं, सध्या फक्त ऐकणार. तो म्हणाला, ऐका, पण माइक जोडू नका, परवान्याशिवाय बोलणं गुन्हा आहे. हे इतकं वाकून वाकून म्हणाला की मला सत्कार चालल्यासारखं वाटलं.
संकल्प: ऑगस्टच्या आत परीक्षा. सगळ्यात खालचा वर्ग, शाळकरी पोरंही पास होतात म्हणे. मी तर इंजिनिअर. शिवाय रोज कानावर पडून जपानी सुधारेल. ऑफिसात 'शिरीष-सानची भाषा जरा कमी पडते' असं जे चाललंय, त्याला परस्पर उत्तर.
मैथिली कामावरून येऊन पाय चोळत बसली होती. तिला दाखवला. म्हणाली, ठेवणार कुठे? बायकांचा पहिला प्रश्न हाच.

बुधवार, १४ मे
बाल्कनीत वायर ताणली. सुरेख ऐकू येतं. होक्काइदोचा एक माणूस सारखा 'आमे, आमे' म्हणत होता. म्हणजे पाऊस. मी सलोनीला सांगितलं, तिकडे जोरदार पाऊस आहे. ती वर्षभराची होती तेव्हा आम्ही इथे आलो, त्यामुळे हसतेसुद्धा जपानीत. म्हणाली, नो पापा, आमे त्याच्या कुत्र्याचं नाव आहे.
उच्चार सारखा असेल तर माणसाने करायचं काय?
मैथिलीने वायरीवर टॉवेल वाळत घातले. तिची चूक नाही. समज नाही.

शनिवार, २४ मे
वरच्या मजल्यावरचे ओकुमुरा-सान दारात. रिटायर्ड, एकटे, जन्मभराचे हॅम. वायर बघून आले होते. मला वाटलं तक्रार. उलट खूश. म्हणाले, दर शनिवारी सकाळी वर या, परीक्षेचं मी शिकवतो. मी तीनदा हो म्हटलं. एकदा पुरलं असतं.

शनिवार, १४ जून
अजून वर जाणं जमलं नाही. एकदा डोकं, एकदा क्लायंट कॉल, आज झोप. म्हातारा वाट बघतो म्हणून मैथिलीला बेसनाचे लाडू देऊन पाठवलं, माझ्या वतीने माफी मागायला. जेवायच्या वेळी उगवली. म्हणाली, ते पुस्तक उघडून बसले होते, समोर कोणीच नाही, बरं दिसेना, मग मीच बसले.
छान. तेवढाच तिचा वेळ जातो.

रविवार, २० जुलै
मराठी मंडळात अध्यक्ष सदानंदरावांनी विचारलं, तुम्ही हॅम आहात म्हणे? हो म्हटलं. हे खोटं नाही. ऐकणं म्हणजे अर्धा रेडिओ झालाच की. लगेच त्यांनी भूकंपावर चार शब्द बोलायला लावले. मी म्हटलं, ज्या दिवशी तुमचे मोबाइल बंद पडतील, त्या दिवशी मी बोलत असेन. टाळ्या. एका बाईंनी डोळे पुसले.
मैथिली टाळ्या न वाजवता प्लेट गोळा करत होती.
घरी येऊन अभ्यासाचं पुस्तक उघडलं. छपाई फार बारीक.

शनिवार, २३ ऑगस्ट
ऑफिसने मला क्लायंटच्या मीटिंगमधून काढून सपोर्टला टाकलं. माझ्या जागी नाशिकचा एक पोरगा, जो जपानीत विनोद करतो. विनोद करायला कंपनी पगार देते हे माहीत नव्हतं.
परीक्षा आता ऑक्टोबरात. या मनःस्थितीत दिली तर परीक्षेवर अन्याय होईल.

रविवार, ७ सप्टेंबर
लिहू नये असं वाटतं, तरी लिहितो. बिल्डिंगची भूकंपाची कवायत होती, शेजारच्या पार्कात. माझं भाषण लक्षात ठेवून सदानंदराव मंडळाचे लोक घेऊन हजर. ओकुमुरा-सानने आपला रेडिओ मांडला, सगळ्यांसमोर माइक माझ्यापुढे धरला, म्हणाले, शिरीष-सान, दोझो. म्हणजे घ्या, बोला.
मी घशाकडे बोट दाखवलं. खोकलो. मला वाटतं, चांगला खोकलो.
मग मैथिली पुढे आली. पर्समधून कार्ड काढून ओकुमुरा-सानला दाखवलं. फोटोवालं, सरकारी. लायसन्स! माइक घेतला, जपानीत काहीतरी बोलली, आणि पलीकडच्या शाळेच्या मैदानातून उत्तर आलं, आवाज स्वच्छ येतोय. टाळ्या पडल्या. मंडळात मला पडल्या त्याहून जास्त नव्हत्या.
घरी विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, जुलैतच सांगितलं, पास झाले त्या दिवशी, तू 'हं' म्हणालास. कानावर हेडफोन असताना सांगितलेलं धरत नाहीत, एवढं लायसन्सवाल्या बाईला कळायला हवं.

शनिवार, २४ जानेवारी
मैथिलीची कंपनी वृद्धांसाठी केअर होम चालवते. ऑफिसात फोन घ्यायला लागली होती, आता तिकडे उत्तरेला सेंदाईची शाखा सांभाळायला पाठवतायत. कायमची नोकरी. तिने होकार कळवून टाकलाय. म्हणे मला विचारलं होतं, जेवताना, आणि मी 'हो हो' म्हणालो.
त्या वेळी मला रेडिओवर थेट ओकिनावा लागलं होतं! ओकिनावा रोज लागत नाही.
मी चिडलो. म्हटलं, तुला या देशात आणलं कोणी? म्हणाली, तू आणलंस. आणलंस आणि ठेवून दिलंस. मग आवाज न चढवता म्हणाली, शिरीष, मी समोर बसून बोलते आणि तू दुसऱ्याच कोणाचं तरी ऐकतोस, मला आता बोलून बोलून कंटाळा आलाय.
सलोनीला विचारलं, तू कुठे राहणार? माझ्याकडे न बघता म्हणाली, मामा तो इकु. आईबरोबर जाणार. एवढं जपानी मला येतं.

शनिवार, २८ मार्च
गेल्या. शिंकान्सेन वेळेवर. या देशात गाडीसुद्धा पाच मिनिटं माणसासाठी थांबत नाही. ओकुमुरा-सान फलाटावर आले होते, मैथिलीला छोटा अँटेना भेट दिला. दोघं रविवारी सकाळी रेडिओवर बोलणार आहेत. मला म्हणाले, तुम्हीही लवकर परवाना काढा. मैथिलीने बॅगा आत ठेवल्या. सलोनीने खिडकीतून हात हलवला, बहुतेक ओकुमुरा-सानला.
हे सगळं तात्पुरतं आहे. सेंदाईची थंडी तिला झेपायची नाही.
संकल्प: मे अखेर परीक्षा. रोज पोळ्या घरी. कचरा वारांप्रमाणे.

रविवार, १७ मे
परीक्षेचा फॉर्म भरायला बसलो होतो, पण आधी जरा रेडिओ लावला. सकाळची वेळ. मैथिली लागली. ओकुमुरा-सानशी बोलत होती. सलोनीची शाळा, नवी सायकल, बाकी फारसं कळलं नाही. मग ती हसली. मोठ्याने, भरपूर. हे हसणं मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. की आमच्याकडे ती हसायचीच नाही, आठवेना.
मी माइक जोडला. बटण दाबून म्हटलं, मैथिली, मी आहे.
मग ओकुमुरा-सानने विचारलं, कोण होतं? परदेशी वाटतो. ओळखीचा का?
मैथिली म्हणाली, शिरिमासेन. मला माहीत नाही.
ते म्हणाले, विनापरवाना कोणीतरी असेल, उत्तर द्यायचं नाही, आपण थोडं वरच्या फ्रिक्वेन्सीवर सरकू या. सरकले. मी नॉब फिरवत राहिलो. सापडले नाहीत.
नियमाने बघितलं तर बरोबरच आहे. विनापरवाना माणसाला उत्तर देता येत नाही. मैथिली पहिल्यापासून नियम पाळणारी.
दुपारी तिचा मेसेज आला: 'म्हाताऱ्या माणसाशी तुझ्यासाठी खोटं बोलले. पुन्हा खोटं बोलणार नाही.'
दोनदा वाचला. पण यावरून एक सिद्ध झालं. आपला आवाज सेंदाईपर्यंत स्वच्छ पोचतो. परीक्षेची आता तशी घाई नाही.