एक्स्चेंजवाल्या बाईंना घर देण्याबाबत

मी, खाली सही करणारा, सैन्यातला निवृत्त हवालदार आणि त्यानंतर टेलिफोन कचेरीतला निवृत्त लाइनमन, माझ्या घराच्या पुढच्या खोलीत टेबलाशी बसून, पूर्ण शुद्धीवर आणि स्वखुशीने हे लिहून ठेवतो. कोणाचंही दडपण नाही. दडपण आणायचा प्रयत्न झाला नाही असं मात्र नाही. थोरला चिरंजीव सकाळपासून दोनदा चहा घेऊन आला, आणि त्याने याआधी मला कधी चहा करून दिल्याचं माझ्या तरी आठवणीत नाही.

उजवा कान गेला आहे, डावा गुडघा कुरकुरतो, पण डोकं शाबूत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. देताना म्हणाले, "हवालदार, डोकं ठणठणीत आहे. फक्त ते चालवताना घरच्यांचाही जरा विचार करा." तो सल्ला दाखल्यात नाही, त्यामुळे मी तो बंधनकारक मानत नाही.

लढाईवर निघताना आम्हा सगळ्यांकडून एक मृत्युपत्र लिहून घेतलं होतं. त्यात मी माझी सायकल धाकट्या भावाला दिली होती. मी जिवंत परत येईपर्यंत त्याने ती चालवून मोडूनही टाकली. तो कागद आता रद्द समजावा.

कलम पहिले : हत्यारे. माझ्या पकडी, खांबावर चढायचा पट्टा, हातोड्या आणि तारेची उरलेली रिळं धाकट्या लेकीला द्यावीत. ती मोटार शिकवायचा वर्ग चालवते आणि बंद पडलेली गाडी स्वतः उघडते. थोरला विमा कचेरीत आहे. धोका कुठे आहे ते त्याला दुरून दिसतं, पण पक्कड कोणत्या बाजूने धरायची हे विचारून त्याला अडचणीत टाकू नये.

कलम दुसरे : शिडी. माझी लांब शिडी माझ्या मेव्हण्याला द्यावी. खरं म्हणजे ती कित्येक वर्षं त्याच्याकडेच आहे. मागितली की म्हणतो, "आणून देतो की उद्या!" तो उद्या काही उजाडत नाही, आणि रोज मनात कुढत बसण्यापेक्षा शिडीच देऊन टाकलेली बरी. अट एवढीच, की यापुढे लोकांच्या लग्नात पंगतीत बसून त्याने माझ्या लढाईची गोष्ट सांगू नये. त्याच्या गोष्टीत मी रणगाडा उडवतो. मी रणगाडा उडवला नाही. मेव्हण्याने तो पाहणं तर शक्यच नव्हतं, कारण तेव्हा तो बिस्किटांच्या कारखान्यात डब्यांना झाकणं लावत होता.

कलम तिसरे : पदक. ते नातीला द्यावं, आणि सोबत खरी हकीकतही द्यावी, म्हणून ती इथे लिहितो.

माझं काम तार टाकायचं. मागच्या ठाण्यापासून पुढच्या खंदकापर्यंत टेलिफोनची तार न्यायची आणि ती जिवंत ठेवायची. पुढच्या टोकाला माझा जोडीदार असायचा. त्याला आम्ही बोका म्हणायचो, कारण तो मिळेल तिथे अंगाची जुडी करून झोपायचा. लाइन चालू आहे की नाही ते अधूनमधून तपासावं लागे. मी इकडून फोनचं हँडल फिरवायचो आणि बोक्याने तिकडून नुसतं "ऐकू येतंय" म्हणायचं, असा नियम होता. पण सरळ बोलेल तर तो बोका कसला! तो म्हणायचा, "दुकान बंद आहे, साहेब जेवायला गेलेत."

एका दुपारी तोफांचा मारा सुरू झाला आणि लाइन मेली. अशा वेळी लाइनमनने डोकं वर काढून इकडेतिकडे बघायचं नसतं. तार मुठीत धरायची आणि ती नेईल तिकडे सरपटत जायचं, जिथे हात रिकामा होईल तिथे तुटलेली आहे. मी गेलो, टोकं शोधली, जोडली, जवळचा फोन लावून हँडल फिरवलं. उत्तर आलं नाही. फिरवत राहिलो. शेवटी कोणीतरी उचलला, पण आवाज बोक्याचा नव्हता. पदक मला तार जोडल्याबद्दल मिळालं. नातीने ते जपावं आणि कोणी विचारलं तर हे बोक्याचं आहे असं सांगावं.

तेव्हापासून पलीकडून उत्तर आलं नाही की माझा हात आपोआप तारेकडे जातो. एवढ्या वर्षांत ती खोड गेलेली नाही. यात लाजण्यासारखं काय आहे?

कलम चौथे : शिल्लक. बँकेत जे काही असेल ते दोन्ही मुलांना निम्मं निम्मं. वाटणी करताना दोघांनी एका टेबलाशी बसावं आणि जावयाला व सुनेला फिरायला पाठवावं.

कलम पाचवे : घर. मुख्य मुद्दा हा आहे, आणि थोरल्याचा चहा याच कलमासाठी होता.

हे घर, मागचं अंगण आणि आतलं सामान मी एक्स्चेंजवाल्या बाईंना देतो. बाई म्हणजे टेलिफोन कचेरीतल्या निवृत्त ऑपरेटर. मी सैन्यातून येऊन कचेरीत लागलो तेव्हा मी खांबावर असायचो आणि त्या आत एक्स्चेंजवर. त्यांचा चेहरा दिसायच्या कितीतरी आधी आवाज ओळखीचा झाला. त्यांचं मला उद्देशून पहिलं वाक्य होतं, "लाइनमन, तोंड आवरा आणि पट्टा आवळा." माझी पत्नी होती तेव्हा बाई सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे येत आणि दोघी मिळून माझी यथेच्छ टिंगल करत. पत्नी गेल्यावर घरात कोणी मला हसेनासं झालं, तेव्हा मला घर खायला उठलं.

बाईंनी लग्न केलं नाही. त्या गल्लीच्या पलीकडे, अगदी आमच्या दारासमोर भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. मी भंगारवाल्याकडून सैन्यातले हँडलचे दोन जुने फोन आणले, एक त्यांच्याकडे लावला, एक माझ्याकडे. गल्लीवरून सरळ तार नेली असती तर मालाचे ट्रक अडकले असते, म्हणून ती मागून नेली : माझ्या अंगणातून शिंप्याच्या छपरावर, तिथून पिठाच्या गिरणीला वळसा घालून, नाल्याच्या कठड्याने त्यांच्या मागच्या खिडकीपर्यंत. रोज सकाळी मी हँडल फिरवतो आणि त्या म्हणतात, "काय हो हवालदार, आहात का अजून?" की माझा दिवस सुरू.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी उत्तर आलं नाही. मी पुन्हा फिरवलं. काही नाही. मग मी काय केलं, तर मागच्या दाराने बाहेर पडलो आणि तार मुठीत धरली. या वयात शिंप्याच्या छपरावर चढलो. शिंपी खालून ओरडत होता, "आजोबा, कौलं! माझी कौलं!" गिरणीला वळसा घातला, पिठाने पांढरा झालो, नाल्याच्या कठड्यावरून बसत बसत सरकलो. बाई आत मोरीपाशी पाय मुरगळून पडल्या होत्या आणि त्यांना मागच्या खिडकीतून मी येताना दिसत होतो.

"अहो, समोर दार आहे!" त्या आतून ओरडल्या. "सताड उघडं आहे! चार पावलांवर!"

मला एका कानाने ऐकू येत नाही, आणि तो कान नेमका खिडकीकडे होता, म्हणून हे मला नंतर कळलं. मी तारेच्या शेवटापर्यंत गेलो, लाइन ठीक असल्याची खात्री केली आणि मग आत डोकावलो. डॉक्टर आले, पायाला पट्टी बांधली. बाई इतक्या हसत होत्या की डॉक्टरांना पट्टी दोनदा बांधावी लागली. मी मात्र तिथेच खुर्चीत बसून रडलो. सगळ्यांसमोर रडलो, आणि तिथल्या तिथे विचारलं, की बाई, आपण लग्न करू या का, म्हणजे मधली तारच नको.

त्यांनी नाही म्हटलं नाही. "पाय बरा होऊ द्या, पायावर उभी राहून सांगते," म्हणाल्या.

पाय बरा झाला, पण मधे दोन गोष्टी झाल्या. एक, घरमालकाने त्यांना खोल्या सोडायला सांगितलं. आता महिनाअखेर त्या दूरच्या शहरात भाच्याकडे जायचं म्हणतात, आणि तिथवर माझी तार पोहोचणार नाही. दुसरी, आमचे चिरंजीव. स्वयंपाकघरात उभं राहून मला म्हणाले, "बाबा, जरा समजून घ्या. खोल्या सुटतायत त्यांच्या. त्यांना घर हवंय." मी बहिरा म्हणून तो माझ्याशी नेहमी मोठ्याने बोलतो. बाई पुढच्या खोलीत बसल्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवला आणि उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाल्या, "हवालदार, लग्नाचं राहू द्या. लोक म्हणतील म्हातारीने घरासाठी केलं. आयुष्यभर कोणाचं फुकट खाल्लं नाही, आता ते ऐकून घेणार नाही."

म्हणून हे कलम. लग्न होवो न होवो, बाई इथे राहोत की भाच्याकडे जावोत, घर त्यांचं. घर आधीच त्यांचं असलं, की घरासाठी लग्न केलं असं कोणाला म्हणता येणार नाही. ही युक्ती मी स्वतः काढली आहे आणि तिचा मला अभिमान आहे. थोरला मनाने वाईट नाही, माझ्या काळजीपोटीच बोलला. पण त्याने बाईंची माफी मागावी अशी माझी इच्छा आहे, आणि ती मी जिवंत असतानाच पुरी करावी.

कलम सहावे : मी गेल्यावर. भाषणं नकोत. माजी सैनिक मंडळाच्या अध्यक्षांना आवरणं अशक्य असेल तर त्यांना उन्हात उभं करावं, म्हणजे लवकर आटोपेल.

इथवर मी सकाळी लिहिलं. आता दुपार झाली असून सह्यांसाठी सगळे जमले आहेत. वकील म्हणतात, पुढचं लिहू नका. पण त्यानंतर जे घडलं ते माझ्या मालमत्तेशी संबंधित असल्यामुळे लिहिणं भाग आहे.

साक्षीदार म्हणून डॉक्टर आणि मेव्हणा यांना बोलावलं होतं. डॉक्टरांनी सही केली. मेव्हण्याने पेन उघडलं, तेवढ्यात वकिलांनी विचारलं, "यांना मृत्युपत्रात काही दिलंय का?"

"शिडी," मी म्हणालो.

"मग यांची सही नको. साक्षीदाराने सही केली की त्याला दिलेली वस्तू त्याला मिळत नाही."

मेव्हण्याने ताबडतोब पेन बंद केलं. "दुसरं कोणी बघा बुवा," म्हणाला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. थोरला आणि धाकटी दोघंही वारस, म्हणजे ती बाद. शिंप्याला बोलवावं, तर तो कौलांवरून अजून फुगलेला.

बाई दाराशी बसल्या होत्या. मी वाचून दाखवलेलं सगळं त्यांनी ऐकलं होतं. त्या उठल्या, टेबलापाशी आल्या, मेव्हण्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि डॉक्टरांच्या सहीखाली सही ठोकली. वकील ओरडले, "अहो बाई, काय करताय! तुमचं घर गेलं!"

"कळतंय मला," बाई म्हणाल्या. "आत्ताच ऐकलं ना मी."

मी संतापलो. सकाळपासून हात मोडेपर्यंत लिहिलेलं कलम या बाईने एका सहीत उडवलं! म्हणालो, "एवढं काय जड झालं होतं माझं घर?" त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. थोरल्याकडे पाहिलं. "आता ते तुमचं आणि ताईंचं. बरोबर ना?" थोरल्याचा चेहरा पडला. मग तो हळू आवाजात, मला ऐकू येणार नाही इतक्या हळू, त्यांच्याशी काहीतरी बोलला. बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. धाकटी रडायला लागली.

वकील म्हणत होते, "बाई, सहीशेजारी तुमचा पत्ता लागतो." बाईंनी पत्ता लिहिला, त्यावर एक रेघ मारली आणि पुढे दुसरा लिहिला. धाकटी रडता रडता मला बोटाने कागदाकडे बघा, कागदाकडे बघा, असं खुणावू लागली.

"चुकलात बाई," वकील म्हणाले. "हा तर हवालदारांचा पत्ता आहे."

"चुकले नाही," बाई म्हणाल्या. "आता घरासाठी लग्न केलं असं कोण म्हणणार आहे?"

वकिलांचं म्हणणं, की मृत्युपत्रात खाडाखोड झाली तर शेजारी मृत्युपत्र करणाऱ्याची सही लागते. ती मी खाली करतो आहे.

स्थळ : माझ्या घराची पुढची खोली.
दिनांक : वकिलांच्या शिक्क्यात आहे तोच.

लिहून देणार : (सही) निवृत्त हवालदार, निवृत्त लाइनमन

साक्षीदार पहिला : (सही, वाचता येत नाही) डॉक्टर. पत्ता : गल्लीच्या टोकाचा दवाखाना.

साक्षीदार दुसरा : (सही) टेलिफोन एक्स्चेंजच्या निवृत्त ऑपरेटर. पत्ता : समोरच्या खोल्या (रेघ मारून खोडलं), हेच घर.

वरील खाडाखोड माझ्यासमोर झाली असून ती मला मनापासून मान्य आहे. (सही) हवालदार