गुंडोचं सुतक

चामराजपेट, बेंगळूर
ता. ९ ऑगस्ट १९६५

तीर्थरूप अण्णा,

सादर नमस्कार. तुमचा खोकला कमी झाला असेल. वहिनींनी सांगितलेली कॉफीची पूड धारवाडला जाणारं कोणी भेटलं की पाठवते. तुमची कमला माझ्याकडे नीट जेवते, अभ्यास करते. मुलाकडचा होकार आल्याचं तुमच्या कार्डावरून कळलं, बरं वाटलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

काल दुपारी दारात एक आफ्रिकन तरुण उभा होता. उंच, गळाबंद कोट घातलेला. नाव योना ओकुमू. इथे पाद्री होण्याच्या कॉलेजात शिकायला आला आहे. त्यानं बूट काढून उंबऱ्याबाहेर नीट लावले आणि मराठीत म्हणाला, "अक्का, आत येऊ?"

मला वाटलं, गल्लीतल्या मुलांनी थट्टेनं शिकवून पाठवलंय. पुढचं बोलणं इंग्रजीत झालं, पण कमलानं चहा ओतायला घेतला तर हात आडवा धरून म्हणाला, "स्वल्प, स्वल्प." कमला हसू दाबत आत पळाली.

मी विचारलं, "हे कुठे शिकलात?"

"केनियात, किसुमूला. आमच्या अण्णांकडून."

"कोण अण्णा?"

"गुंडो अण्णा. तुमचे भाऊ."

अण्णा, आपला गुंडो गेला. गेल्या नोव्हेंबरात, तापानं. हे मला त्या परक्या मुलाच्या तोंडून कळलं. फेब्रुवारीत तुमच्या नावानं परदेशी तिकिटाचं पाकीट इथे आपल्या जुन्या पत्त्यावर आलं होतं, ते मीच धारवाडला पाठवलं. त्यात काय होतं ते तुम्ही कळवलं नाहीत. मीही विचारलं नाही.

गुंडो तिकडे रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होता एवढंच आपल्याला ठाऊक. बाकीचं काल ऐकलं. धक्क्यामागच्या अंजिराच्या झाडाखाली पाच-सहा माणसं प्रार्थनेला जमायची. त्यातला एक गुंडो, एक या योनाचे वडील. ते गोदीत हमाल होते, त्यांना वाचता येत नव्हतं. गुंडोला उपदेश करता येत नव्हता. मग गुंडो अडखळत स्वाहिली बायबल वाचायचा आणि योनाचे वडील त्यावर बोलायचे. पावसात झाडाखाली बसवेना तेव्हा मातीच्या भिंती घातल्या, पुढे त्यावर पत्रे आले. शनिवारी दोघे एका सायकलवर तळ्याकाठच्या गावांना जायचे. कुठे एक कुटुंब जमायचं, कुठे कोणी दगड मारायचं. ज्या गावात दगड पडले तिथे गुंडो पुढच्या शनिवारी हटकून जायचा. (हा हट्टीपणा तुम्हांला ओळखीचा वाटेल.) आता त्या काठानं गावोगाव त्यांची मंडळी आहे. गुंडोचं नाव बदलून पौल ठेवायचं कोणी म्हणालं तर त्यानं ऐकलं नाही. म्हणाला, आईनं ठेवलेलं आहे ते राहू द्या.

योना सांगत होता, "सभेत काही ठरलं की अण्णा म्हणायचे, सरी. मग आम्ही सगळे म्हणायचो, सरी. आम्हांला वाटायचं, हिंदुस्थानात आमेनला सरी म्हणतात." मी त्याला सांगितलं, सरी म्हणजे कानडीत 'बरं', इथे भाजीवालासुद्धा म्हणतो. खूप हसला. मग रडला.

फेब्रुवारीच्या त्या पाकिटातून मंडळीनं थडग्यावर घालायला गुंडोची जन्मतारीख मागवली होती. तुम्ही उत्तर दिलंत की, गुंडो कृष्णाजी हा माझा धाकटा भाऊ १९५१ साली वारला, उत्तरक्रिया यथाविधी झाली, आमच्या घरातलं कोणी आफ्रिकेत नाही.

ते पत्र त्यांच्या मंडळीत सर्वांसमोर वाचलं गेलं.

त्यांच्यात उभं राहून आपलं पाप मोठ्यानं सांगायची रीत आहे. ती गुंडोनं घालून दिली. आता लोक म्हणतात, ज्यानं आम्हांला खरं बोलायला लावलं तो स्वतः मेलेल्या माणसाचं नाव घेऊन जगला. बाया विचारतात, त्यानं बाप्तिस्मा दिलेल्या पोरांचं काय? दर रविवारी थोडे लोक कमी होतात. दोन गावं तर सुटलीच. योनाचे वडील म्हातारे झाले आहेत, ते एकटे सांगत फिरतात की माझा मित्र खोटा नव्हता. पण तुमचं पत्र इंग्रजीत आणि सहीचं. त्यांचा शब्द त्याच्यापुढे टिकत नाही.

तुम्ही खोटं लिहिलं नाहीत हे मला कळतं. त्यांना कसं कळावं? मी योनाला घटश्राद्ध म्हणजे काय ते सांगितलं. धर्म सोडलेल्या माणसाचं तो जिवंत असताना श्राद्ध करतात, दर्भाचा पुतळा जाळतात, पाण्यानं भरलेली घागर लाथेनं पालथी घालतात, आणि त्या दिवसापासून तो मेला असं धरतात. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "पण अक्का, तेव्हा ते आमच्या घरी जेवत होते."



तुम्ही घरातले मोठे. तुम्ही दोन ओळी लिहून मॅजिस्ट्रेटपुढे सही करा, की तो गुंडो आपलाच, आणि १९५१ साली तो जिवंत होता. एवढंच मागते. तेव्हा जे झालं ते का झालं ते आपण दोघं जाणतो, इथे लिहीत नाही.

वहिनींना नमस्कार.

तुमची धाकटी बहीण,
वसुमती


बेंगळूर
ता. २७ ऑगस्ट १९६५

अण्णा,

आज नमस्कार लिहीत नाही. सुतकात लिहू नये, असं आईच सांगायची.

तुमचं कार्ड मिळालं. कमलाचं लग्न होऊन जाऊ दे, मग पाहू, असं तुम्ही लिहिलंत. मागच्या पत्रात जे लिहायचं टाळलं ते आता लिहिते. १९५१ साली माझं लग्न ठरत होतं. गुंडोचं पत्र आलं, त्यात त्यानं ख्रिस्ती झाल्याचं लिहिलं होतं, आणि ख्रिश्चनाच्या बहिणीला कोण करून घेणार म्हणून तुम्ही भटजी बोलावलेत. माझ्यासाठी. मी दाराआड उभी होते. घागर पालथी करायला रीतीप्रमाणे भांडीवाल्या गंगव्वाला बोलावलं तेव्हा ती म्हणाली, "नको रे अण्णा, त्याला मी अंगाखांद्यावर खेळवलंय, माझा पाय नाही उचलायचा." मग तुम्ही स्वतः लाथ मारलीत. डोळे मिटले होते, म्हणून अंगठा दगडावर आपटला. मी हळद लावली. अण्णा, तुम्हांला ते सोपं गेलं असं मी कधीच मानलं नाही, आजही मानत नाही.

ते लग्न तीन वर्षं टिकलं. ह्यांच्या माघारी मी या घरात परत आले, टेलिफोनच्या कारखान्यात लागले, कुणावर भार झाले नाही. पण माझ्या लग्नासाठी तो एकदा मेला. आता कमलाच्या लग्नासाठी त्याला तसंच ठेवायचं, हे माझ्यानं होणार नाही.

मंगळवारी रजा घेऊन मी स्वतःच प्रतिज्ञापत्र करायला कोर्टात गेले. योना बरोबर होता. कारकुनानं कागद वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाला, "अक्का, हे बरोबर लिहिलंय का? एक माणूस दोनदा कसा मेला?"

मी म्हटलं, "पहिल्यांदा आम्ही मारला. दुसऱ्यांदा तो मेला. तसंच लिहा."

त्यानं चष्मा खाली घेतला. त्याच्याही घरात कोणी असेल, ठाऊक नाही. मग त्यानं टाइपरायटर ओढला. तुमचं नाव कुठेही घातलेलं नाही. 'कुटुंबीयांनी' असं घातलं आहे, आणि त्यात मी आले.

दोन साक्षीदार हवे होते. योना परदेशी म्हणून चालेना. बाहेर बसलेल्या एका वकिलाच्या गुमास्त्यानं एक सही केली. दुसरीसाठी मी इकडेतिकडे बघत होते, तेवढ्यात कमला आली. मी तिला बोलावलं नव्हतं, ती कॉलेजातून थेट आली होती.

मी म्हटलं, "तू घरी जा. तुझ्या लग्नाचं बोलणं चाललंय."

ती म्हणाली, "आत्या, मला एक काका होता हे मी एकोणीस वर्षांची झाल्यावर एका परक्या माणसाकडून ऐकलं. मुलाकडच्यांना मीच सांगणार आहे, लग्नाआधी. नको म्हणाले तर आत्ताच म्हणू देत."

तिनं सही केली. पूर्ण नावानं, मधे तुमचं नाव आलं. ते मला टाळता आलं नाही आणि खरं सांगायचं तर मी टाळलंही नसतं. तिला रागावू नका. रागवायचं तर मला.

कागद काल विमानाच्या टपालानं गेला. सुटलेले लोक परत येतील की नाही ते योनाला सांगता येत नाही, मलाही नाही. पण तो वाचून दाखवतील तेव्हा योनाच्या वडिलांना एकट्यानं उभं राहावं लागणार नाही.

बातमी उशिरा कळली तर बहिणीनं किती दिवस पाळायचं ते मी भटजींना विचारायला गेले नाही. कागद गेला त्या दिवसापासून मी तीन दिवस धरले आहेत. आज दुसरा. देवाला दिवा कमला लावते, कारण तिला यातलं काही लागत नाही असं मीच ठरवलं.

तुम्हांला मात्र निदान एक स्नान लागतं, अण्णा. ते करा. घरात कुणाला कारण सांगायचं नसेल तर सांगू नका. पाणी कोमट घेतलं तरी चालेल.

गुंडोची आणि तुमची बहीण,
वसुमती