तिथे ब्रेक नाही

३ मार्च, सोमवार

आज पुन्हा! पुलाच्या चढावर गाडीने एक गचका दिला, मग दुसरा, मग नुसतीच धडधडत बसली. मी ॲक्सिलरेटर पार खाली दाबलेला आणि ही जागची हलायला तयार नाही. मागे हॉर्नची रांग. शेजारच्या सीटवर हे — मांडीवर शाल, नजर समोर. मी म्हटलं, "काय झालं असेल हो हिला?" तर म्हणाले, "बरं."

चार महिने झाले, ह्यांच्याकडे हा एवढा एकच शब्द उरलाय. पक्षाघाताच्या झटक्यात उजवी बाजू गेली आणि बाकीचे सगळे शब्दही. एकतीस वर्षं बस चालवलेला माणूस! गाडीने नुसता हुंकार दिला तरी तिला काय दुखतंय ते सांगायचे. आता मी विचारते आणि ते "बरं" म्हणतात.

व्यायाम केंद्रात पंचवीस मिनिटं उशिरा पोचलो. पाऊण तासातली वीस मिनिटं मिळाली. फिजिओबाईंनी घड्याळाकडे बघितलं फक्त. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

५ मार्च, बुधवार

जाताना तीनदा, येताना दोनदा. लिहायचंही त्राण नाही.

६ मार्च, गुरुवार

वाचनालयातून अर्धी रजा काढून गाडी गॅरेजात नेली. गॅरेजवाल्याचं खरं नाव मला माहीत नाही. काहीही सांगा, तो "बघू या" म्हणतो, म्हणून आमच्या घरात तो बघूया. मी ऐकवलं — अडखळते, गचके देते, चढावर जीव सोडते. "म्हणजे मिसिंग मारतेय, ताई," तो म्हणाला. "चारांतला एक सिलिंडर मध्येच काम टाकून बसतो. बघू या."

एकटाच फेरी मारून आला. सुतासारखी सरळ चालली म्हणे! मलाच खोटं पाडलं मेलीने. तरी त्याने चारही प्लग बदलले, प्लगच्या वायरी बदलल्या. जुने प्लग काढून दाखवले, टोकं काळी झालेली. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

७ मार्च, शुक्रवार

कसले सुटतोय! घरापासून दुसऱ्या चौकात पहिला गचका.

आणि आज फिजिओबाईंनी मला बाहेर बोलावलं. "हातात थोडी सुधारणा आहे. उजव्या पायात मात्र चार महिन्यांत एकदाही हालचाल दिसलेली नाही. एकतीस तारखेला शेवटचं तपासू. तेव्हाही काही नसेल, तर ही वेळ दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल. रांग मोठी आहे हो." मी विचारलं, मग ह्यांचं काय? त्या म्हणाल्या, "मग खुर्चीची सवय करून घ्यायची. पुष्कळ जण करतात."

मी "बरं" म्हणाले. मीसुद्धा!

दार उघडंच होतं. ह्यांनी ऐकलं असणार. परत येताना माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

९ मार्च, रविवार

लेकीचा फोन. "आई, तो खटारा विकून टाक. टॅक्सी करत जा." लांब राहून सल्ले द्यायला काय जातंय! टॅक्सी करून बघितली नाही होय मी? पहिल्याने चाकाची खुर्ची बघितली आणि न थांबता पुढे गेला. दुसरा थांबला, तर ह्यांनी डाव्या हाताने दाराची कड अशी धरली की सुटता सुटेना. दुसऱ्याच्या गाडीत बसायचं नाही म्हणजे नाही. आडमुठेपणा तेवढा शाबूत आहे.

तिला काय सांगू, ह्यांना गाडीत बसवणं म्हणजे काय ते. खुर्ची दाराशी चिकटवायची. कमरेला मिठी घालून एक-दोन-तीन. मग तो उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवायचा — त्यावर ती कडक प्लास्टिकची पट्टी, तळव्यापासून पोटरीपर्यंत. सुरुवातीला ती तिथल्या जाड रबरी मॅटच्या कडेला अडकायची. म्हणून घरी आणलं त्या आठवड्यातच मी मॅट काढून टाकली. बाल्कनीत तिच्यावर आता कुंड्या आहेत.

१० मार्च, सोमवार

सिग्नलला बंदच पडली. तीनदा किल्ली फिरवली तेव्हा सुरू झाली. एकाने काच खाली करून विचारलं, "काकू, चालवता येते ना?" मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

११ मार्च, मंगळवार

पुन्हा बघूया. प्लगला ठिणगी देणारी कॉइल बदलली, पेट्रोलचा फिल्टर बदलला, हवेचा रस्ता साफ केला. गाडीला मशीन लावून बघितलं — कधी दुसरा सिलिंडर दाखवतं, कधी तिसरा. तो डोकं खाजवत बसला. "एकच दुखणं असतं तर पकडलं असतं. हिचं दुखणं फिरतंय. आणि माझ्यासमोर तर हिला काही होतच नाही."

मग म्हणाला, "ताई, तुम्ही वाचनालयातल्या. एक काम करा. जेव्हा जेव्हा होईल तेव्हा लिहून ठेवा. वेग किती, चढ की सपाट, इंजिन गार की गरम. बघू या."

म्हणजे आता हेही माझ्याच गळ्यात!

१२ मार्च, बुधवार

बघूयासाठी —
दूध केंद्राच्या वळणावर : एक पांढरी गाडी न बघता आडवी घुसली. गचका. वेग माहीत नाही, मी तिला शिव्या देत होते.
शाळेपाशी : पोरांचा घोळका रस्त्यात. दोन गचके.
पुलावर : ट्रकने अचानक ब्रेक लावला. मीही लावला. मग गाडी उचलेचना.

१४ मार्च, शुक्रवार

बघूयासाठी —
भाजीबाजार : सायकलवाला, पाठीवर गॅसची शेगडी! गचका.
तिथेच : त्याच सायकलवाल्यामागे कुत्रं. गचका.
मोठा चौक : फोनवर बोलत चाललेली बाई. इंजिन बंद पडता पडता राहिलं.
वेग बघायला वेळ कुठे असतो? स्पीडोमीटर बघू की माणसं?

१५ मार्च, शनिवार

शेजारीण म्हणाली, तासभर बसते मी ह्यांच्यापाशी, तू तुझी कामं उरकून ये. एकटीच गेले. औषधं, वीजबिल, किराणा, शिवाय पुलावरून उगाचच एक चक्कर. एकही गचका नाही! लोण्यासारखी गाडी.

माणूस बघून त्रास देते की काय ही? ह्यांचीच गाडी, ह्यांनाच छळते.

रिकाम्या सीटकडे सारखं लक्ष जात होतं. माझ्या सेहेचाळिसाव्या वर्षी ह्यांनी मला गाडी शिकवली, तेव्हा त्या सीटवर बसून नुसता उच्छाद मांडायचे. समोर काही आलं रे आलं की "ब्रेक, ब्रेक!" आणि उजवा पाय धाडकन खाली. शिकून पाच वर्षं झाली तरी तेच. मी ओरडायचे, "तिथे ब्रेक नाही! ब्रेक माझ्याकडे आहे!" मग आठवडाभर अबोला. त्या मॅटला त्यांच्या टाचेने खड्डा पडला होता.

आज गाडीत कुणी ओरडलं नाही. भरल्या पिशव्या घेऊन घराखाली गाडीतच बसून राहिले थोडा वेळ.

१७ मार्च, सोमवार

चार. सगळे लिहून ठेवलेत दुसऱ्या कागदावर. कंटाळा आलाय लोकांच्या आडवं येण्याचा.

१९ मार्च, बुधवार

आज मी ह्यांच्यावर ओरडले. भर रस्त्यात. गाडी बंद पडलेली, मागे गोंगाट. मी म्हटलं, "एकतीस वर्षं काय केलंत मग? काहीतरी सांगा! बोट तरी दाखवा!" ते म्हणाले, "बरं." मी म्हटलं, "बरं काय बरं! खड्ड्यात गेलं तुमचं बरं!"

ह्यांनी मान वळवली, खिडकीकडे.

घरी आल्यावर पायाची पट्टी काढताना मी "चुकलं माझं" म्हणाले. उत्तर तेच आलं, दुसरं कुठून येणार. पण हात माझ्या डोक्यावर ठेवला. डावा.

२१ मार्च, शुक्रवार

लेकीशी बोलताना तोंडातून निघून गेलं — "अगं, तो पाय मेलाय. उगाच कशाला आशा लावायची!" आणि मागे वळून बघते तर दारात खुर्ची.

जीभ झडली असती तर बरं.

२२ मार्च, शनिवार

आजचं सगळं लिहून ठेवायचं आहे.

बघूयाला कागद दिले. तो वाचायला लागला आणि हसत सुटला. "ताई, मी वेग विचारला होता, तुम्ही माणसं लिहिलीत! हे कुत्रंसुद्धा?" मी म्हटलं, जसं झालं तसं लिहिलंय, पटत नसेल तर परत दे. तो पुढे वाचत गेला. मग हसायचा थांबला. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"दर वेळी कुणीतरी आडवं आलंय," तो म्हणाला. "चढाचा संबंध नाही, गार-गरमचा नाही. कुणी आडवं आलं की होतंय. तुम्ही एकट्या असताना?"

"नाही होत."

"साहेब शेजारी असताना?"

"तेव्हाच होतं."

तो उठला आणि स्वतः ह्यांच्या सीटवर जाऊन बसला. इतक्या दिवसांत तिथे तो एकदाही बसला नव्हता, बसेल कशाला? मला म्हणाला, सुरू करा. केली. त्याने पाय इकडे दाबला, तिकडे दाबला. काही नाही. मग जरा पुढे, उजवीकडे टाच रोवली — आणि इंजिनने गचका खाल्ला! पाय उचलला, सुरळीत. दाबला, गचका.

खालची सतरंजी उपसली. तिच्याखालून वायरींचा एक जुडगा इंजिनाकडे गेलेला. तो एका जागी पार चपटा, वरचं आवरण फाटलेलं, आतल्या तारा उघड्या. "कॉइलकडे जाणाऱ्या वायरी. दाबल्या की एकमेकींना चिकटतात," बघूया म्हणाला. "इथे मॅट नव्हती का?"

मी काढली होती. मीच.

"पण नुसता पाय ठेवून असं होत नाही, ताई. कुणीतरी दाबतंय इथे. टाचेने, जोर लावून."

मी म्हटलं, शक्य नाही. त्या पायात जीव नाही. एवढं बोलले आणि माझा मलाच तो जुना ओरडा ऐकू आला. तिथे ब्रेक नाही! मांडीवरच्या शालीखाली मी कधी बघितलंच नव्हतं. मी रस्त्याकडे बघत होते.

गॅरेजातल्या स्टुलावर बसून रडले. बघूया पाणी घेऊन आला. पहिल्यांदाच "बघू या" म्हणाला नाही.

२४ मार्च, सोमवार

बघूयाने वायर बदलून वर सरकवली. गाडी आता ठणठणीत. आणि न सांगता एक गोष्ट केली : त्याच जागी दारातल्या घंटीचं बटण बसवलं, आणि माझ्यासमोर एक छोटा लाल दिवा. तिथे पाय दाबला की दिवा लागणार.

आज लागला नाही. जाताना नाही, येताना नाही. आज सगळं गाव शहाण्यासारखं गाडी चालवत होतं! एकही माणूस आडवा आला नाही मेला. ह्यांना काही सांगितलेलं नाही. मी त्या दिव्याकडे इतकं बघत होते की मीच कुणाच्या तरी अंगावर गेले असते.

२६ मार्च, बुधवार

लागला! भाजीबाजारात दोनदा, पुलावर एकदा!

फिजिओबाईंना धापा टाकत सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "स्नायू आखडूनही पाय असा ताठरतो," म्हणाल्या. "आणि दचकून झालेली हालचाल वेगळी, सांगितल्यावर झालेली वेगळी. सांगितल्यावर पाय हलला पाहिजे. मग मी म्हणेन, रस्ता आहे." माझा चेहरा बघून त्या विरघळल्या असाव्यात. सोमवारी स्वतः गाडीत बसून बघते म्हणाल्या.

तिथे, त्यांच्या व्यायामाच्या टेबलावर, दहा वेळा सांगून बघितलं. "पाय दाबा." ह्यांनी डोळे घट्ट मिटले, कपाळावर घाम आला. पाय तसाच.

२८ मार्च, शुक्रवार

दिवा चारदा. टेबलावर एकदाही नाही. दमले आता. हेही दमलेत.

३१ मार्च, सोमवार

फिजिओबाई मागच्या सीटवर, शाल काढून घडी घातलेली. शाळेपाशी सायकल आडवी आली. माझ्या ब्रेकच्या आधी दिवा लागला. बाईंनी मागून वाकून पायाकडे बघितलं.

पुढचा रस्ता मोकळा. समोर कुणी नाही, कुत्रंसुद्धा नाही. मी हळूच म्हटलं, "अहो, गाडी तुमच्या हातात आहे असं समजा. लावा ब्रेक."

"बरं," म्हणाले.

आणि दिवा लागला.