यंदापुरतं रान

रांजणगाव, ८ जून २०२४

चि. सम्राट यास,
अ. उ. आ. वि. वि.

फोनवर तू आवाज चढवतोस, म्हणून लिहिते. रविवारी वरवंडला, तू कसतोस त्या माझ्या तुकड्यावर जाऊन आले. वरची काळी माती गायब, नुसता मुरूम उघडा पडलाय. आबांनी तो माझ्या वाटणीला दिला तेव्हा असा नव्हता. गावात ऐकलं, वीटभट्टीचा ट्रॅक्टर तुझ्या दारात उभा असतो. माती विकलीस का? खरं लिही. प्रतिभाला, पोरांना आशीर्वाद. लोभ आहे, तो टिकेल असं वाग.

तुझी आक्का,
माया

वरवंड, १५ जून

ती. आक्कास,
सप्रेम जयभीम वि. वि.

ट्रॅक्टर माझ्या मेव्हण्याचा हाय, तो जेवायला येतो. माती पाण्यानं नेली. उताराचा बांध फुटलाय आन् मी तो घातला न्हाई, हे खरं. तू दर पाडव्याला यंदापुरतंच रान देतीस. पुढल्या साली दुसऱ्याला दिलंस तर? मग दगड मी का वाहू? आन् त्या प्लॉटवाल्याशी तुझं काय चाललंय, ते बी कळू दे. दाजींना जयभीम. रागावलीस तरी माया असू दे.

तुझा,
सम्राट

रांजणगाव, २३ जून

चि. सम्राट,
अ. आ.

प्लॉटवाला कंपनीच्या गेटवर सगळ्यांनाच कार्ड वाटतो. मी ते जपून ठेवलंय, हेही खरं. आबा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला पाहुणे जेवत होते, आणि तू माझ्यापुढं हक्कसोडीचा कागद ठेवलास. मी सही केली नाही. तेव्हापासून तुला रान वर्षाच्या वर द्यायला जीव धजत नाही. पण मुरूम बघून आल्यापासून घास गोड लागेना. पाच वर्षांसाठी लिहून देते, बांध घाल. कागद मात्र माझा वकील करील. प्रतिभाला जप.

माया

वरवंड, १४ जुलै

ती. आक्कास,
स. जयभीम.

कागद दोनदा वाचून घेतला, मगच सही केली. मी आन् प्रतिभा दगड रचतोय. तुझ्या फुटक्या बांधानं खालचं माझं रान बी धुतलं, हे तुला सांगितलं नव्हतं. सगळी माती त्याच्या बी खाली, कोंडिबा मामांच्या शेतात जाऊन साचलीय, त्यांची बाजरी जोरात हाय. मागायला गेलो तर मामा हसले, म्हणाले, आपापली वळखून न्या. वाकून ढेकळं फोडून बघितली. तुझी कुठली, माझी कुठली, मला काय वळखता आली न्हाई.

बांध बघायला ये. न सांगता ये, म्हंजी तुला खरं वाटंल.

तुझा,
सम्राट