पा की ऐ

६ नोव्हेंबर १९३६

पहिलं पान तिसऱ्यांदा फाडलं. "आमचे कुळ मूळचे माळव्याचे" — आणि पुढे चार पिढ्यांची नावं! लिहिताना मलाच जांभई आली. गोंदियाचे भैयाजी हे पुस्तक नागपूरला छापून आणणार आहेत. परवा ओसरीवर वाचून हसले. "मालगुजार साहब, पढ़नेवाला सो गया तो किताब किस काम की?"

मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, सुपारी कातरायचा आवाज तेवढा थांबला. मी सून, सासऱ्यासमोर जात नाही, बोलत नाही. ते ओसरीवर बसून आपल्या आठवणी सांगतात, मी दाराआड बसून लिहिते. मला काही विचारायचं असलं तर सासूबाई उंबऱ्यावरून बाहेर पोचवतात. एका प्रश्नाला दोन फेऱ्या! ह्यांचं अक्षर तहसिलीतही कुणाला लागत नाही, म्हणून काम माझ्याकडे. बाबा पलीकडच्या गावी मास्तर; मी शाळा पाहिली नाही, त्यांनीच घरी शिकवलं. चुकलं तर नाव बाबांचं जाईल.

९ नोव्हेंबर

बाबांचं कार्ड. "चि. वच्छला, वंशावळीने सुरुवात करू नकोस, प्रसंगाने कर. माणूस जे बोलला ते त्याच्याच शब्दांत दे. 'फार दुःख झाले' असे लिहू नकोस; त्या वेळी हातात काय होते ते विचार. आणि प्रत्येक वाक्यापुढे समासात खूण कर — सांगणाऱ्याने स्वतः पाहिले तर 'पा', दुसऱ्याकडून ऐकले तर 'ऐ'. छापताना खुणा गाळतील. पण लिहिणाऱ्याला ठाऊक हवे."

सासूबाई वाकून बघत होत्या. "हे काय किडे काढून राहिली वं काठाले?" सांगितलं. पिठाच्या परातीत बोटाने दोन्ही अक्षरं गिरवून घेतली. त्यांच्या 'पा'चा काना दर वेळी वाकडा जातो. हसल्या! "म्हातारपणी पंडितीण झाली मी!"

१४ नोव्हेंबर

दिवाळीत दोन दिवस लिहिणं नाही. पण त्याआधीची पानं चांगली उतरली. वाघाने गोठ्यातून गोऱ्हा नेला, तो प्रसंग पहिला घेतला. त्या वेळी हातात काय होतं, असं विचारून पाठवलं. उत्तर आलं — "हातात का होतं? धोतराचा सोगा! पळून रायलो होतो ना!" समासात 'पा'. मामाजी खुलले आहेत. आता बोलतं करावं लागत नाही, मीच पुरी पडत नाही.

१७ नोव्हेंबर

आज मामाजींचे थोरले भाऊ वारल्याची हकिकत आली. एवढीच: "दादा तलावाचं तुडूम उघडायले एकटाच गेला अन् बुडाला. मी तिरोड्याच्या बाजारात होतो." समासात 'ऐ'. पुढचं वाक्य थेट बैलांच्या किमतीवर!

पाठचा भाऊ म्हणून मालगुजारी, गावांची जमीनदारी, मामाजींकडे आली. त्याच वर्षी सासूबाईंचा — थोरल्यांच्या विधवेचा — मामाजींशी पाट लागला. आणि पुस्तकात दीड ओळ? पान मेलेलं वाटतं.

दुपारी सासूबाई तांदूळ पाखडत होत्या. आपणहून म्हणाल्या, "तेव्हा तलावाच्या पाळीवर रोज आंबील मीच नेत होती." विचारलं, त्या दिवशीही? सूप थांबलं. "लिही तू आपलं."

उद्या विचारायचं ठरवलं — थोरले शेवटचं काय बोलले?

१८ नोव्हेंबर

सासूबाईंकडून प्रश्न पाठवला. वाटलं, मामाजी रागावतील. पण भैयाजी बसले होते. मामाजींना ऐकणारा मिळाला. सांगत सुटले. तुडूम म्हणजे पाळीच्या, तलावाच्या बांधाच्या, पोटातलं पाणी सोडायचं तोंड. बुडी मारून त्याचा दट्ट्या उपसावा लागतो. पाणी माणसाला ओढतं, म्हणून कमरेला दोर.

"दादानं पागोटं काढून गवतावर ठेवलं. त्यावर चतुर येऊन बसला, लाल. दादा पाण्यात उतरला, मान वळवली अन् म्हणाला, 'दोर ढिला नको सोडू, बाबू.'"

"वाह!" भैयाजी म्हणाले.

मीही मनात वाहवा केली. किती चांगलं वाक्य! लिहून घेतलं. खूण करायला समासाकडे हात गेला — आणि तिथेच राहिला.

एकटेच गेले होते ना? मग दोराचं दुसरं टोक कुणाच्या हातात? आणि 'बाबू' — थोरले मामाजींना बाबू म्हणत. पहिल्याच प्रकरणात मीच लिहिलं आहे.

बाहेर सुपारीचा आवाज नाही. मग — "लिवलं का तिनं?"

सासूबाई माझ्याकडे पाहत होत्या. "लिवलं," त्या म्हणाल्या.

१९ नोव्हेंबर

समास कोराच. मी विचारलं नसतं तर!

२१ नोव्हेंबर

मामाजी आज पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले. दारापलीकडून, अगदी जवळून. सुपारीचा वास आला.

"शिकलेली सून अन् फुटकी पाळ, दोन्ही घर बुडवतेत. ते वाक्य राहू दे, भैयाजीले आवडलं. पण खूण ऐकीवची कर. बाजारात होतो मी." मग जरा थांबून, अगदी मऊ आवाजात — "तुह्या बापाची शाळा त्या गावातल्या आमच्याच कोठ्यात भरते, नाही का वं?"

मी मान हलवली. दाराआड मान हलवून काय उपयोग? पण त्यांना कळलं असावं. पावलं दूर गेली.

ह्यांना सांगू पाहिलं. "म्हाताऱ्याची हौस आहे, लिहून टाक ना," म्हणाले आणि कापणीवर गेले.

२४ नोव्हेंबर

बाबांना आडून विचारलं होतं. उत्तर आलं: "शंका असेल तर खुणेची जागा मोकळी सोड. खोटी खूण मात्र करू नकोस. पुढचे सारे खोटे होते."

कार्ड शाळेतूनच लिहिलेलं. खाली खडूच्या बोटांचा ठसा.

'ऐ' लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सरळ आलं. त्याचीच भीती वाटली.

२६ नोव्हेंबर

लिहिणं संपलं. उद्या भैयाजी गठ्ठा नेतील. मामाजींचं ताट वाढताना सासूबाईंचा हात आज दोनदा थबकला.

संध्याकाळी सासूबाईंनी पानं मागितली. "तलावाचं कोणतं?" दाखवलं. त्यांनी समासावर बोट ठेवलं, आणि विचारलं नाही, नुसतं वाचलं: "ऐ." आयुष्यात पहिल्यांदा वाचलेलं अक्षर! मला शाबासकी द्यायला सुचलं नाही.

पेन्सिल सापडत नाही.

२७ नोव्हेंबर

गठ्ठा बांधताना दिसलं. 'ऐ'वर आडवी रेघ. शेजारी 'पा' — काना वाकडा.

सासूबाई चुलीपाशी होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "त्या दिवशी आंबील तशीच वापस आणली होती मी."

ओसरीवरून मामाजींची हाक आली — भैयाजी यायच्या आधी एकदा सारं वाचून पाहतो. खोडायला वेळ होता. गठ्ठा तसाच दिला.